जाळीच्या पेटीची ऊब

अक्षर माझं वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते चादरींच्या कोपऱ्यावर हॉटेलची खूण घालण्यापुरतं. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण घरातल्या कुणाच्या हाती लागलीच, तर निदान वाचता यावी. हे सगळं इतके महिने डोक्यात फिरतंय की लिहून काढल्याशिवाय खाली बसणार नाही.

शिवऱ्याजवळ हायवेला लागून धुलाईचा कारखाना आहे, तिथं मी कामाला जाते. आमच्या मार्गासनीहून सकाळी टेम्पो निघतो, वाटेत बायका घेत घेत जातो. हायवेवरच्या हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं आमच्याकडं येतात. राजगडावर जाणारी पोरं पायथ्याच्या पाल गावात ज्या घरांत मुक्काम करतात, त्या घरांच्या चादरीही येतात. त्या न सांगता ओळखू येतात. एवढी माती दुसऱ्या कुणाच्या चादरीत नसते.

माझं काम हायड्रोवर. धुतलेलं कापड पिळून काढायच्या यंत्राला आम्ही हायड्रो म्हणतो. आत भोकाभोकांचं मोठं पोलादी पिंप असतं. ओली कापडं त्यात सगळीकडून सारखी भरायची, झाकण लावायचं, बटण दाबायचं. पिंप असं गरगरतं की जमीन हलते. पाणी निघून गेलं की थांबवायचं. शेजारी भिंतीवर लोखंडी कपाट आहे, त्याला पॅनेल म्हणतात. त्याच्या आत ड्राइव्ह आहे. मोटार किती वेगानं पळवायची आणि कशी थांबवायची ते तो ठरवतो. आणि पॅनेलच्या बाहेर, माझ्या कमरेच्या उंचीवर, भिंतीला जाळीची एक पेटी ठोकलेली आहे.

हे नवं हायड्रो बसवलं त्या थंडीत आम्हाला त्या पेटीचा शोध लागला. आमच्या भागात तांदळाची भाकरी. सकाळी सहाला केलेली दुपारी एकला खायची म्हणजे ती कडक होते, थंडीत तर पापड. पेटी मात्र नेहमी ऊन असायची, चूल विझल्यावर तिच्या बाजूचा वैल असतो तशी. शिवऱ्याच्या मावशींनी पहिल्यांदा फडक्यात बांधलेली भाकरी तिच्यावर ठेवली. मग मी, मग सगळ्याच. अकरा वाजता ठेवली की एकपर्यंत मऊ. मावशी म्हणायच्या, मालकानं नकळत सून आणलीय, बसल्या जागी भाकऱ्या शेकती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी हायड्रो थांबवायला मी बटण दाबलं. पिंप हळू व्हायला लागलं आणि मध्येच पॅनेलमधून खट्ट आवाज आला. लाल दिवा लागला. पिंपाला कुणी धरेनाच, ते आपलं मोकळं फिरत राहिलं. एरवी मिनिटभरात थांबणारं पिंप दहा मिनिटं फिरलं. मालक आले, त्यांनी पॅनेलवरचं बटण दाबून दिवा घालवला, पुन्हा सुरू केलं. पळताना काही तक्रार नाही. थांबवायला गेलं की खट्ट. असं दिवसभर चाललं. ओल्या कापडाचे ढीग छातीपर्यंत आले. झाकणाला कुलूप आहे, पण ते मिनिटं मोजून सुटतं. पिंप थांबलंय की नाही हे त्याला कळत नाही. चार वाजता मावशींनी घाईत झाकण उचललं तर पिंप अजून फिरत होतं. त्यांनी झाकण तसंच खाली टाकलं आणि बाजूला जाऊन पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी ड्राइव्हवाले साहेब आले. हे यंत्र त्यांनीच बसवलं होतं. शांत माणूस, कानावर पांढरे केस. त्यांनी आधी काही उघडलं नाही, नुसतं विचारलं की कधी बंद पडतं, सुरू करताना, पळताना की थांबवताना. मालक म्हणाले, कधीपण. मला माहीत होतं की फक्त थांबवताना. पण मालकांच्या बोलण्यावर मी कशी बोलणार. साहेबांनी दोनदा चालवून स्वतःच बघितलं आणि ड्राइव्हच्या छोट्या काचेवरची अक्षरं वाचली. थांबायचा वेळ वाढवून बघितला. तेव्हा दिवा लागला नाही, पण पिंप थांबायला पाच मिनिटं लागली. मालक म्हणाले, असं केलं तर निम्मी हॉटेलं दुसरीकडं जातील.

मग ते मालकांना समजावत होते आणि मी कापडं उलगडत ऐकत होते.

"मोटार थांबवायला गेलं की फिरतं पिंपच मोटारीला फिरवतं. मग मोटार वीज खात नाही, उलटी वीज देते. ती ड्राइव्हमध्ये साठत जाते. फार साठली की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला बंद पडतो. म्हणून ती जास्तीची वीज पॅनेलमधलं ब्रेकचं युनिट या पेटीत सोडतं. पेटी ती जाळून टाकते. थांबवताना पेटी गरम, एरवी गार."

शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. तेव्हा का राहिलं ते कळलं नव्हतं.

त्यांनी मेन बंद केलं आणि पॅनेल उघडून नुसते उभे राहिले. मालकांनी घाई केली तर म्हणाले, आतला तांबडा दिवा विझूद्या, लाईट बंद केली तरी आत वीज असते, ती माणूस मारते. दिवा विझल्यावर त्यांनी आत मीटर लावून खात्री केली, पेटीच्या दोन वायरी सोडवल्या आणि त्यांना मीटर लावला. मीटरनं काहीच दाखवलं नाही. पेटीतली तार जळून तुटली होती. वीज जाळायला जागाच उरली नव्हती, म्हणून ड्राइव्ह दरवेळी बंद पडत होता.

मग त्यांनी जाळी काढली. आत कापडाचे तंतू काळे होऊन चिकटले होते. त्यांच्यात भाकरीचे जळके कपचे होते. आणि एक हिरव्या पातळाचा तुकडा होता, अर्धा जळलेला.

ते पातळ माझं. माझ्या भाकरीचं फडकं त्याच पातळाचं आहे हे कारखान्यातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. साहेब म्हणाले, यावर काही ठेवायचं नसतं, हवा कोंडते. मालकांनी विचारलं, कुणाचं आहे? मावशी जमिनीकडं बघत होत्या. मी आजपर्यंत चारचौघांत तोंड उघडलेलं नव्हतं, पण ती शांतता मला सोसेना.

"माझं हाय," मी म्हणाले.

पेटीचे साडेचार हजार. दर महिन्याच्या पगारातून पाचशे कापायचे ठरलं. मालक वाईट माणूस नाही. त्यांनी शिवी दिली नाही, कामावरून काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी नवी पेटी बसली आणि तिच्यावर पाटी लागली, येथे काहीही ठेवू नये. ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर. दिवसातून शंभर वेळा वाचायची. इतर बायका दुपारी भाकरी मोडताना माझ्याकडं बघायच्या आणि मान वळवायच्या. कुणी म्हणालं नाही की पाचशेतले पन्नास मी देते. मला तसं मागायचंही नव्हतं. पण घास उतरत नव्हता. घरी माझे मालक, म्हणजे आमचे हे, विचारायचे, काय झालं, सारखी काय उठती-बसती. मी म्हणायची, काही नाही.

दोन महिने असे गेले. एके दिवशी हॉटेलांच्या गाड्या आल्या नाहीत, त्यामुळं सकाळपासून हायड्रो बंद होतं. मी फडक्यानं पॅनेल पुसत होते. पाटीवरची धूळ काढताना हात पेटीला लागला.

पेटी ऊन होती.

मी हात काढला आणि पुन्हा लावला. हायड्रोकडं बघितलं, ते सकाळपासून जागचं हललं नव्हतं. थांबवताना पेटी गरम, एरवी गार. मग जे यंत्र फिरलंच नाही, ते थांबणार कसं आणि पेटी तापणार कशी? आणि तेव्हाच आठवलं की जुनी पेटीसुद्धा पहिला घाणा घालायच्या आधी कोमट असायची. आम्हाला त्यात नवल वाटलं नव्हतं. ऊब मिळत होती, कुठून येते हे कोण विचारतंय.

मी मावशींना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी हात लावून बघितला, तोपर्यंत पेटी गार झाली होती.

"बये, तुला त्या पेटीनं झपाटलंय," मावशी म्हणाल्या. "गेल्या येळंला तोंड उघाडलंस तर पैसं गेलं. आता उघाडलंस तर काम जाईल. गप ऱ्हा."

मी गप्प राहिले, पण हात गप्प बसेना. जाता-येता पेटीला उलटा हात लावायचा, कुणी बघत नाही ना ते बघून. कापडाच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावतात, त्यातली एक रोज घ्यायची आणि मागच्या बाजूला खूण करायची. हायड्रो बंद आणि पेटी ऊन असली तर टिंब, गार असली तर शून्य. चिठ्ठी ब्लाउजमध्ये ठेवायची आणि घरी पिठाच्या डब्यामागं. पंधरा दिवसांनी मांडून बघितल्या. काही दिवस नुसती टिंबं, काही दिवस नुसती शून्यं, काही दिवस आधी शून्य आणि मग टिंब. मला त्याचा अर्थ लागेना. रात्री पडल्यावर डोळ्यांपुढं टिंबं यायची. मनात यायचं, ही पेटी अशीच तापत राहिली तर हीही जळणार. मग पुन्हा पाचशे. आणि पिंप मोकळं फिरेल, कुणीतरी घाईत झाकण उचलेल.

अर्थ लागला तो विहिरीवरच्या पंपामुळं. कारखान्याच्या कुंपणाला लागून मावशींच्या दिराची विहीर आहे. शेतीची लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्रीची. त्या दिवशी दिवसाची होती आणि सकाळपासून पंपाचा आवाज चालू होता. दुपारी आवाज बंद झाला. त्यासरशी माझ्या डोक्यावरचा पंखा जोरात फिरायला लागला आणि ट्यूब जास्त उजळली. हे रोजचंच होतं, शिवारातले सगळे पंप एकदम थांबले की लाईटला जोर येतो. घरीही तसंच होतं, म्हणून कधी लक्ष दिलं नव्हतं. थोड्या वेळानं मी पेटीला हात लावला. हायड्रो बंदच होतं. पेटी ऊन व्हायला लागली होती.

पंप चालू तेव्हा शून्य. पंप बंद तेव्हा टिंब. मी घरी जाऊन सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लावल्या आणि माझ्या मालकांना विचारलं, शिवऱ्याच्या बाजूला शेतीची लाईट कोणत्या वारी दिवसा असते. ते म्हणाले, तुला काय करायचंय, पंप टाकतीस का काय? हसले. पण दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेले तिथं विचारून आले. वार जुळले.

आता मला कळलं होतं आणि सांगायची छाती नव्हती. मालकांच्या खोलीच्या दारापर्यंत तीनदा गेले. एकदा ते फोनवर होते, एकदा हॉटेलचा माणूस बसला होता. तिसऱ्या वेळी एकटेच होते. त्यांनी वर बघून विचारलं, काय वहिनी? मी म्हणाले, साबण संपलाय. साबण संपला नव्हता.

पगाराच्या दिवशी सहाव्यांदा पाचशे कापले गेले. त्याच आठवड्यात ड्राइव्हवाले साहेब दुसऱ्याच कामाला आले, कपडे धुवायच्या यंत्राचा काही बिघाड होता. मी हायड्रो भरत होते, पण हातातली कापडं सगळी एका बाजूला पडत होती. साहेबांचं काम उरकलं. त्यांनी पिशवीत सामान भरायला सुरुवात केली. आता ते गेले की पुन्हा कधी येणार कुणास ठाऊक. त्या दिवशी शेतीची लाईट रात्रीची होती, पंप सकाळपासून बंद होते. मी अजून हायड्रो सुरू केलेलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, पेटीला हात लावून बघा."

त्यांना वाटलं पुन्हा काही ठेवलंय. पेटीपाशी आले, वाकून जाळीतून बघितलं, काही नव्हतं. मग उलटा हात जवळ नेला. हायड्रोकडं बघितलं. हे कधी थांबवलं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आज चालूच केलं न्हाई. मग मी चिठ्ठ्या काढून दिल्या आणि टिंब-शून्याचं सांगितलं, पंपाचं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून बघितल्या.

त्यांनी पॅनेलच्या मेन वायरींना मीटर लावला. चारशे अठ्ठेचाळीस व्होल्ट आले. मग मेन बंद केलं, तांबडा दिवा विझेपर्यंत थांबले, मीटर लावून खात्री केली आणि ब्रेकच्या युनिटचं झाकण उघडलं. आत हिरव्या पट्टीवर बारीक पितळी काड्यांच्या जोड्या होत्या आणि त्यातल्या एका जोडीवर एक काळी टोपी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. जोड्यांजवळ आकडे लिहिले होते. टोपी तीनशे ऐंशीवर होती.

साहेबांनी चिमट्यानं ती उचलली आणि चारशे साठवर बसवली. झाकण लावलं. स्क्रू पिळायला लागले.

मी विचारलं, ती टोपी कसली. ते हळू आवाजात म्हणाले, लाईट किती आहे ते युनिटला या टोपीवरून कळतं. टोपी कमी आकड्यावर असली आणि लाईट जोरात आली, की युनिटला वाटतं मोटारच उलटी वीज देतेय, आणि मोटार उभी असली तरी ते पेटीत वीज सोडत राहतं. युनिट येतं तेव्हा टोपी तीनशे ऐंशीवरच असते. बसवणाऱ्यानं तिथली लाईट बघून ती बदलायची असते.

बसवणारे तेच. ते स्क्रू पिळत होते आणि माझ्याकडं बघत नव्हते. मला कळलं की ते आता पिशवी उचलून जाणार. पेटी गार राहील, यंत्र चांगलं चालेल आणि पाटी तिथंच राहील. मला त्यांचा राग आला नाही. पण आता गप्प बसवेना.

"मंग आदीची पेटी कशानं जळाली?" मी विचारलं.

त्यांचा हात थांबला. मागं मावशी कापड झटकत होत्या, त्यांचाही हात थांबला. साहेबांनी पेचकस खाली ठेवला आणि म्हणाले, मालकांना बोलवा.

मालक आले तेव्हा साहेबांनी सरळ सांगितलं, चूक माझी आहे. टोपी बदलायची राहिली, म्हणून पहिली पेटी यंत्र उभं असतानाही तापत राहिली. त्या दिवशी जाळीत भाकरी दिसली आणि मी पुढं बघितलंच नाही. मालक म्हणाले, पण भाकरी होती की नाही आत? साहेब म्हणाले, होती, आणि ठेवू नयेच, पण भाकरी नसती तरी पेटी जळालीच असती. ही नवीही जळाली असती.

मालकांना ते पटायला वेळ लागला. हिशेब फिरवायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. ते म्हणाले, बघू. मावशींनी कापड खांद्यावर टाकलं आणि पुढं आल्या.

"बघू काय, शेट? आमी समद्याच ठेवत हुतो भाकरी. हिनं एकटीनं सांगितलं म्हणून हिचं कापलं. आता तुमीच सांगा, कापलेलं कुणाचं?"

साहेबांनी मेन लावलं आणि मला म्हणाले, ताई, भरा. मी कापडं सारखी भरली. पिंप पळालं, थांबवायचं बटण दाबलं. खट्ट झालं नाही. मिनिटभरात पिंप उभं राहिलं. साहेबांनी पेटीला हात लावला, मग मला लावायला सांगितला. ऊन होती. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो, दुसरं काही न करता. पाव तासानं ती गार झाली. पंप बंदच होते.

संध्याकाळी मी निघताना मालकांनी सांगितलं की कापलेले तीन हजार एकदम देता येणार नाहीत, साहेबांच्या बिलातून ते वळते करून घेतील आणि दर पगाराला हजार देतील. मी मान हलवली. त्या रात्री मला झोप लागली, पण पहाटे पुन्हा जाग आली. वाटत होतं, विसरले तर? पुन्हा दारापर्यंत जायची वेळ आली तर?

पहिल्या महिन्याला हजार आले. दुसऱ्या महिन्याला आले नाहीत. मालक म्हणाले, हॉटेलवाल्यानं पैसे अडकवलेत, पुढच्या वेळी. त्या महिनाभर मी पुन्हा उठत-बसत होते. पुढच्या पगाराला पाकीट घेतलं आणि बाहेर न जाता त्यांच्या टेबलासमोरच उघडलं. असं मी आधी कधी केलं नव्हतं. पगार वेगळा काढला. वर हजार होते. मी तिथंच उभी राहिले.

मालकांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि खण उघडून आणखी दोन पाचशेच्या नोटा काढल्या.

"तीन झाले ना, वहिनी?"

मी त्याही मोजल्या आणि म्हणाले, झाले.